मोडून बघणारे बिरूमामा

आमच्या शेजारच्या बिरूमामांना कोणी नवी वस्तू दाखवत नाही, कारण ते ती मोडून बघतात. माझ्या बायकोची केसांची क्लिप, माझी छत्री, गणपतीच्या मांडवातली प्लास्टिकची खुर्ची, सगळं त्यांच्या हातून गेलं. तुटलेली कड डोळ्यांजवळ नेऊन ते शांतपणे सांगतात, "मोडल्याबिगर आतलं कळत न्हाई, मास्तर."

मामा मूळचे माण तालुक्यातले, मेंढपाळांच्या घरातले. नोकरी कराडला, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपायाची. लोखंडाच्या कांड्या यंत्रात अडकवायच्या आणि तुटेपर्यंत ताणायच्या, हे काम. प्राध्यापक बदलले, पोरं पास होऊन गेली, मामा कांड्या तोडत राहिले. निवृत्त होऊन कराडला लागूनच असलेल्या आमच्या मलकापुरात राहायला आले, तेव्हा तोडायला आम्हीच उरलो होतो.

ज्ञान मात्र पक्कं. एकदा माझ्या खिशातली पेन्सिल त्यांना दिसली.

"हिरा आन् ह्ये शिसं, दोनी कर्बच. हिऱ्यात एकेक कण चौघांचं हात घट धरतोय. हितं थरावर थर नुसतं टेकल्यात. ह्या थराची त्या थराला वळख न्हाई. म्हनून सरकत्यात आन् कागदावर उमटत्यात. माल त्योच. हात कसं धरल्यात त्ये बघायचं."

आणि कट्‌! पेन्सिल गेली.

"हात कसं धरल्यात" हे त्यांचं पालुपद. कुणाचं लग्न ठरलं तरी हेच. खोटं कशाला बोलू, हा माणूस माझ्या डोक्यात जायचा. त्यांची बायको वारल्यापासून घरात ते आणि मुलगा म्हादू, दोघंच. त्या पोराचं कसं होत असेल, असं वाटायचं.

म्हादू मुंबईला नोकरीला लागला आणि पहिल्या पगारातून वडलांसाठी अडकित्ता घेऊन आला. चकचकीत, मुठीवर मोर. मामांना सुपारीचं भारी वेड. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. मामांनी अडकित्ता उलटसुलट केला, टेबलाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्यात आवळला आणि हातोडा घातला. एका फटक्यात दोन तुकडे.

"बीड हाय, बीड! ठिसूळ वतीव लोखंड. पोलाद म्हनून गळ्यात मारलं तुज्या. आत कर्बाचं पापुद्रं पडल्यात, त्ये लोखंडाला हात धरू देत न्हाईत. एवढं शिकून बी फसलास व्हय रं?"

म्हादू तुकड्यांकडे बघत राहिला. मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. त्यानं अजून न उघडलेली बॅग तशीच उचलली आणि हायवेवर जाऊन मुंबईची गाडी धरली.

त्याला सहा वर्षं झाली. तो आला नाही, मामांचा फोनही उचलत नाही. माझ्याकडे त्याचा नंबर आहे. मीही कधी लावला नाही.

मामा आता सुपारी खलबत्त्यात कुटतात. लोकांना वाटतं दात पडले. दात शाबूत आहेत, पण घरात दुसरा अडकित्ता येऊ देत नाहीत. ते दोन तुकडे घेऊन त्यांनी कराडातली वेल्डिंगची सगळी दुकानं पालथी घातली, हे मला फार उशिरा कळलं. मी विचारलं, तर म्हणाले, "बिडाला साधा जोड धरत न्हाई. बाजूलाच तडकतंय. मला ठावं व्हतं. तरी गेलतो."

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे कुरिअर आलं. पाठवणाऱ्याचं नाव म्हादूचं. मला हायसं वाटलं. काल सहज डोकावलो, तर पार्सल देवाच्या फळीवर तसंच. दोरीची गाठसुद्धा सुटलेली नाही.

"मामा, उघडा की!"

"नको."

"अहो, पोरानं काय पाठवलंय ते तरी बघा."

मामांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत गच्च धरून ठेवले.

"आसू द्या, मास्तर. माज्या हातानं मोडंल."