खवले मिस्त्रींचं अस्सल थांबयंत्र

बाळांनो, आधी एक सांगा. भरवसा कुणावर ठेवावा? जो वस्तू घडवतो त्याच्यावर, की जो तिला भिंग लावून 'अस्सल' म्हणतो त्याच्यावर?

घाई नको. तोंडातली बोरं गिळा, बिया बाहेर टाका, मग सांगा. तोवर गोष्ट ऐका.

एका जंगलात, जिथे वाघ होता पण त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं, खवले मिस्त्री नावाचं एक खवल्या मांजर राहायचं. अंगावर खवले, कपाळावर चष्मा आणि झोपडीत वडिलांच्या हातचा लेथ. लेथला पट्टा होता, आणि पट्टा ओढायला दोन माकडं. लोखंड असो की पितळ, मिस्त्रींनी लेथच्या चकात, म्हणजे जबड्यात, धरलं की ते लोण्यासारखं सोलून निघायचं. जंगलात ज्याचं काही मोडेल तो त्यांच्याकडे यायचा. लेथ म्हणजे मिस्त्रींचा उजवा हात होता. खरं तर दोन्ही हात.

त्या उन्हाळ्यात जंगलाचा एकुलता एक हापसा बंद पडला होता. दांडा हलायचा, खुळखुळ वाजायचा, पाणी मात्र थेंबभर नाही. हापशाच्या पोटातलं पितळी नळकांडंच कुणी पळवलं होतं. सगळं जंगल डोंगरापलीकडच्या झऱ्यावरून पाणी आणत होतं.

हापशाशेजारी राहणारी साळूबाई साळिंदर रोज मिस्त्रींच्या दारात येई.

"मिस्त्री, नळकांडं कधी करताय?"

"पितळ नाही हो साळूबाई. पितळ आलं की पहिलं तुमचंच."

"मागच्या वेळीही पहिलं माझंच होतं."

"मग बघा, नंबर अजून तोच आहे! मागे सरकलात का?"

असं गोड बोलणं धंद्यात लागतं, बाळांनो. गोड बोलण्याला पितळ लागत नाही.

आता झालं असं, की उन्हाळ्याच्या सुरुवातीला जंगलात एक नाटक कंपनी येऊन गेली होती. नाटक होतं आकाशातलं. त्यात चांदणपूरचा सेनापती चकाकतं थांबयंत्र घेऊन यायचा. खटका दाबला, की शत्रूचं सैन्य जागच्या जागी थिजायचं. थिजणारच, तालमीत तसं ठरलेलं होतं. पण जंगल वेडं झालं. हरणं तळ्याकाठी थिजू लागली. माकडं फांदीवर थिजून खाली पडू लागली. कंपनीनं जाताना ते थांबयंत्र जंगलाला भेट दिलं, आणि ते सांभाळायला 'अस्सल मंडळ' निघालं. मंडळाचे अध्यक्ष उदोपंत उदमांजर. उदोपंतांनी थांबयंत्र काचेच्या पेटीत ठेवलं. हात लावायचा नाही, श्वाससुद्धा बाजूला वळून घ्यायचा.

ज्या मालाला गिऱ्हाईक हात लावू शकत नाही, त्याचा भाव आपोआप चढतो. हे गवाजीराव गव्याला ठाऊक नव्हतं. तो पडला हौशी. एक दिवस तो पितळेचा भला मोठा गज शिंगावर घेऊन मिस्त्रींकडे आला.

"मिस्त्री, मला हुबेहूब तसंच थांबयंत्र पाहिजे. मंडळानं पास केलं पाहिजे."

"करू की. त्यात काय!"

"आणि केसाइतका फरक निघाला तर हा लेथ माझा."

मिस्त्रींनी पितळेकडे बघितलं. असं पितळ त्यांनी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. त्यांच्या तोंडातून 'हो' निघून गेलं. बाळांनो, चांगला माल समोर दिसला की कारागिराचे कान बंद होतात.

मिस्त्री काचेच्या पेटीसमोर जाऊन बसले. एक डोळा मिटून, बोट लांब धरून त्यांनी प्रत्येक माप घेतलं. मग लेथ सुरू झाला. माकडं पट्टा ओढून घामाघूम झाली. पितळेच्या सोनेरी वेटोळ्यांचा ढीग पडला. आटे पाडले, खटका बसवला, चार स्क्रू लावले. असं काम झालं, की मिस्त्रींना स्वतःचाच पापा घ्यावासा वाटला.

उदोपंत भिंग घेऊन आले.

"नापास."

"का?"

"मुळातला चौथा स्क्रू वाकडा आहे. तुमचा सरळ आहे."

"अहो, तो कुणीतरी घाईत ठोकलाय. ती चूक आहे!"

"चूक तुमची असते, मिस्त्री. मुळातलं ते वैशिष्ट्य."

मिस्त्री मुकाट्यानं परतले. सरळ भोक पाडायला एक सकाळ पुरली होती. तेच तंतोतंत वाकडं पाडायला आठवडा गेला. वाकडेपणा धरून ठेवणारा एक खास साचा करावा लागला, आणि तो साचा मात्र अगदी सरळ करावा लागला.

"नापास," उदोपंत पुन्हा म्हणाले. "पोचा कुठाय? सेनापतीच्या हातून दुसऱ्या अंकात पडलं होतं."

मिस्त्रींनी पोचा पाडला. तोही अर्धा सूत कमी पडला, म्हणून पुन्हा पाडला.

शेवटी एकदाचं झालं. मिस्त्रींनी ते स्टुलावर ठेवलं आणि उदोपंतांना निरोप धाडला. तेवढ्यात साळूबाई आली. तिनं स्टुलाकडे पाहिलं आणि तिचे काटे आनंदानं उभे राहिले.

"अगंबाई! झालं का आमचं नळकांडं?"

"हात लावू नका! ते थांबयंत्र आहे."

"कसलं थांबयंत्र! हे बघा हापशात अडकायचे दोन कान. आयुष्य गेलं माझं तिथं. हा खटका नि ती टोपी वर चिकटवलीय, एवढंच."

मिस्त्रींनी चष्मा नाकावर ओढला. बघितलं. मग पुन्हा बघितलं. नाटक कंपनी आली त्याच रात्री नळकांडं गेलं होतं, हे त्यांना आता आठवलं.

दोघं हापशाकडे पळाले. नळकांडं खाचेत बसलं. साळूबाईनं दांडा मारला. हापसा खोकला, शिंकला आणि भसाभसा पाणी ओकू लागला!

सगळं जंगल हंडे घेऊन धावलं. मिस्त्री ओलेचिंब होऊन हसत होते. इतक्यात गर्दीतून वाट काढत उदोपंत आणि गवाजीराव आले.

"यातून पाणी येतंय?" उदोपंतांनी विचारलं.

"गोड आहे, घ्या ना!" मिस्त्री म्हणाले.

"मुळातून कधी पाणी आलं होतं? एका तरी प्रयोगात? नाही. म्हणजे हे नकली. गवाजीराव, लेथ उचला."

मिस्त्रींचे खवले ताठ झाले. "अहो, मूळही हापशाचंच आहे! लावून बघा!"

"बघूच," गवाजीराव म्हणाला. त्याला तहानही लागली होती.

मूळ थांबयंत्र पेटीतून आणलं. सगळ्यांनी श्वास बाजूला वळवले. खाचेत बसवलं, दांडा मारला. पाण्याची धार थेट उदोपंतांच्या मिशांवर गेली.

गवाजीरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे सेनापती माझ्यासमोर हापसा घेऊन नाचत होता?"

मंडळाची तातडीची बैठक बसली. तिथेच, चिखलात. मिशा पुसत उदोपंतांनी निकाल दिला.

"दोन्ही वस्तूंना पाण्याचा दोष लागला आहे. जे चालतं ते थांबयंत्र नव्हे. दोन्हींना पोटात एकेक भोक पाडावं, म्हणजे पुन्हा कधी चालणार नाहीत. मिस्त्रींनी पाडलं तर काम पास. नाहीतर लेथ जाईल."

"मिस्त्री, नको," साळूबाई म्हणाली.

"लेथ गेला तर मी कोण, साळूबाई? मुंग्या खाणारं एक जनावर!"

"आणि पाणी गेलं तर आम्ही कोण?"

मिस्त्री झोपडीकडे वळले. त्यांनी दोन्ही नळकांडी एकत्र बांधून लेथवर चढवली आणि माकडांना खूण केली. भोक अगदी नेमकं पडलं. दोन्हींत एकाच जागी, एकाच मापाचं. उदोपंतांनी भिंग लावलं आणि आयुष्यात प्रथमच म्हणाले, "वा!"

लेथ वाचला. मिस्त्रींना प्रमाणपत्र मिळालं. ते त्यांनी दारावर लावलं आणि जंगलाची झुंबड उडाली. हरणांना थांबयंत्र हवं, रानडुकरांना हवं, वाघानंही मागच्या दारानं निरोप धाडला. गवाजीरावानं पितळेची वखार काढली. डोंगरापलीकडून पाणी आणून दमलेली जनावरं हंडा खाली ठेवून रांगेत उभी राहू लागली.

साळूबाईही उभी राहिली. संध्याकाळी तिचा नंबर आला.

"मिस्त्री, आता पितळ आहे. मला एक द्या. तसंच द्या हवं तर, वाकड्या स्क्रूचं. फक्त भोक नको."

खवले मिस्त्रींनी चष्मा पुसला. त्यांना फार वाईट वाटलं, हे खरं आहे.

"साळूबाई, तुम्ही घरच्या. दुसरं काहीही मागा. पण बिनभोकाचं म्हणजे नकली. आणि नकली माल मी करत नाही."

तात्पर्य : जी वस्तू कधी चाललीच नाही ती कधी बिघडतही नाही, म्हणून बाळांनो, शहाण्यानं नेहमी तीच घ्यावी. फक्त एक विनंती आहे. पुढे जंगलाच्या पाण्याचा हिशेब लिहायची पाळी तुमच्यावर आली, तर 'हापसा का बंद' या रकान्यात 'पाऊस कमी' असं लिहू नका. जे झालं ते खरं लिहा.