तेरा नंबरची जाळी

पाणी नसले की लगेच दिसते. कोरडी विहीर झाकता येत नाही आणि टँकरमागे पळणाऱ्या बायकांचे फोटो पेपरात छापून येतात. हवेचे तसे नाही. ती चांगली की वाईट हे नुसते बघून कोणाला सांगता येत नाही, त्यामुळे हवेचे काम झाले नाही तरी झाले असे म्हणता येते. म्हणूनच ज्या साली बीड जिल्ह्यात पावसाने सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली, त्या साली शाळांमधली हवा सुधारायचे ठरले, यात दूरदृष्टीच होती.

योजनेचे नाव 'शालेय तापन व शीतन यंत्रणा हवागाळणी उन्नतीकरण अभियान'. (हे नाव एका दमात म्हणणाऱ्याची फुप्फुसे ठणठणीत आहेत असे समजण्यात येई.) शाळेच्या यंत्रातली साधी जाळी काढायची आणि तिथे तेरा नंबरची, म्हणजे बारीकातली बारीक धूळ अडवणारी जाळी बसवायची, एवढाच त्याचा मतलब. आता बहुतेक शाळांत यंत्र नव्हते, काहींत वीज नव्हती, एका ठिकाणी तर यंत्र टांगायला भिंतच नव्हती. पात्र शाळा शोधता शोधता अधिकारी घामाघूम झाले. शेवटी लिंबागणेश आणि चौसाळ्याच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात त्यांना शेरदऱ्याची शाळा सापडली आणि अभियानाची अब्रू वाचली.

शेरदऱ्याच्या शाळेत थंड हवेचे यंत्र आले ती सहकाराची कृपा. गावात अर्जुनरावांची दूध उत्पादक सहकारी संस्था होती. दूध थंड राहावे म्हणून संस्थेने जाड भिंतींची एक मोठी खोली बांधली होती. तिला खिडकी एकही नाही, कारण दुधाला बाहेर बघायची हौस नसते. वर हवा खेचणारे आणि आत सोडणारे यंत्र. पहिल्या दुष्काळात दूध आटले. (संस्था आटली नाही. दुधाशिवाय दूध संस्था चालवणे सहकारातच जमते.) त्याच उन्हाळ्यात वावटळीने शाळेचे पत्रे उडवून नेले. शाळाही अर्जुनरावांच्याच शिक्षण मंडळाची. तेव्हा चेअरमन अर्जुनरावांनी अध्यक्ष अर्जुनरावांना दुधाची खोली देऊ केली, अध्यक्षांनी चेअरमनचे जाहीर आभार मानले, आणि पाचवी ते सातवीची पोरे दुधाच्या जागी बसू लागली.

पुढे संस्थेने समोरच्या मैदानात चारा छावणी उघडली. छावणीत जनावरे किती, याचे उत्तर विचारणारा कोण आहे हे बघून मिळे. पण जी होती ती खुरांनी दिवसभर माती उडवत. पाऊस नसल्याने ती माती खाली बसायचे नाव घेत नसे. ती उडायची, यंत्राच्या तोंडाशी जायची आणि तिथल्या जुन्या जाळीला आठवड्यात तव्यासारखे काळे करायची. उरलेली पोरांच्या छातीत जायची.

या शाळेचे मुख्याध्यापक उत्तरेश्वर सर. माणूस सज्जन. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला 'नाही' म्हटले नव्हते. फारच झाले तर 'बघू' म्हणत. योजनेचा अर्ज त्यांनीच भरला. 'शाळेत तापन यंत्रणा आहे काय?' या प्रश्नावर ते जरा अडखळले, मग लिहिले, 'आहे. मार्च ते जून, अखंड, विनाखर्च.'

सरांना ही जाळी मनापासून हवी होती आणि त्याचे कारण होते सातवीतली द्रुपदा. तिचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जात आणि ती मागे आजीपाशी, वच्छलाबाईपाशी, राहून शिके. तिच्या घरात सातवीपर्यंत आलेले दुसरे कोणी नव्हते. गणित सांगितले की खडू खाली ठेवायच्या आत तिचे उत्तर तयार. सरांना तिच्याबद्दल फार माया होती. पण दुधाच्या खोलीत बसायला लागल्यापासून पोरीला खोकला जडला होता, आणि खोकला आता दम्यावर चालला होता.

एके दिवशी वच्छलाबाई शाळेच्या दाराशी येऊन बसली.

"गुर्जी, पोरगी रातभर बसून ऱ्हाती. आडवी झाली की दम लागतो. औंदा टोळी लवकर निघणार हाय, नवरात्र उठलं की. तवर पोरीला उतार पडला तर ठिवते माझ्यापाशी. न्हाई तर आईबापासंगं जाऊ द्या फडावर. माझ्या हातात काई झालं तर लेकाला काय तोंड दाखवू?"

"आजी, जाळी मंजूर झालीय," सर म्हणाले. "तेरा नंबरची. धुळीचा कण आत येणार नाही. पोरीला हलवू नका, माझा शब्द आहे."

"शब्द हाय म्हंता, मग ठिवते," वच्छलाबाई म्हणाली आणि पदर झटकून उठली.

जाळी आली. जीपमधून आली, गादीवर बसून आली. शेरदऱ्यात नवी वस्तू आली की तिची पूजा होते, मग ती नांगर असो, नळाची तोटी असो की नवा ग्रामसेवक. त्याप्रमाणे जाळीला हार घातला, यंत्रासमोर नारळ फोडला आणि अर्जुनरावांना शाल पांघरली. हळदकुंकू जाळीवरच्या प्लास्टिकवर वाहण्यात आले. मग पाटोद्याहून आणलेला वायरमन बद्रीनाथ स्टुलावर चढला आणि ते प्लास्टिक फाडायला त्याने नख लावले.

"थांब बे!" अर्जुनराव खालून गरजले. "नव्या वस्तूचं प्लास्टिक कावून काढतो?"

"दादा, त्याबिगर हवा कशी जायची आत?"

"जाईल की हळूहळू. तिला कुठं एसटी धरायची हाय?"

इथे वाचकांनी अर्जुनरावांना अडाणी समजू नये. नवी वस्तू नवी ठेवणे हा आपल्याकडे संस्कार आहे. त्यांच्या जीपच्या सीटांवरचे प्लास्टिक तीन वर्षे शाबूत होते. बैठकीतल्या सोफ्यावरही ते होते, आणि मे महिन्यात पाहुणा सोफ्यावरून उठला की पाठ सोलल्यासारखा आवाज होई. त्या आवाजावरूनच सोफा अजून नवा आहे हे पाहुण्याला कळे. गावचे माजी सरपंच गहिनीनाथ पाटील यांनी आपल्या सोफ्याचे प्लास्टिक काढले होते. त्यांचा सोफा वर्षात मळला आणि पुढच्याच निवडणुकीत ते पडले. या दोन्हींचा संबंध गावात कोणी नाकारत नाही.

पण अर्जुनरावांकडे संस्काराखेरीज कारणही होते. ते त्यांनी सरांना बाजूला घेऊन सांगितले.

"सर, जाळीचा रंग तपासायला सायेब येणार हायत. काळी दिसली की इचारतील, एवढी धूळ येती कुठून? आन् मान वळवली की समोर काय दिसतं?"

"छावणी," सर म्हणाले.

"छावणी बंद पडली तर मुकी जनावरं कुठं जातील, सांगा बरं."

(यात कागदावरची जनावरेही आली. त्यांना तर जायला दुसरी जागाच नव्हती.)

सरांनी जाळीसोबत आलेले माहितीपत्रक दोनदा वाचले होते. वेष्टन काढूनच बसवावी, असे त्यात पहिल्याच ओळीत ठळक छापले होते. पण सरांना अर्जुनरावांचे पटले. ज्यांना अर्जुनरावांचे पटत नसे त्यांच्यासाठी मंडळाची दुसरी शाळा डोंगरापलीकडे होती आणि तिकडे जायला रस्ता मंजूर झालेला होता, एवढेच.

"बघू," सर म्हणाले.

जाळी प्लास्टिकसकट बसली आणि यंत्र सुरू झाले. आवाज मोठा येई. कणभर धूळ आत येत नसे, कारण आत काहीच येत नसे. पहिल्या आठवड्यात पोरे मुकाट झाली, दुसऱ्यात पेंगू लागली. सर्वांत शांत शाळा म्हणून केंद्रप्रमुखांनी शाबासकी दिली. पुढे अडचण येऊ नये म्हणून सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात सूचना लिहिल्या:

दार उघडे ठेवू नये, शुद्ध हवा बाहेर जाते.
पाढे मनात म्हणावेत. मोठ्याने म्हटल्यास हवा जास्त लागते.
खोकला आल्यास बाहेर जाऊन खोकावे व संपल्यावर परत यावे.

तिसरी सूचना पोरांनी फार मनावर घेतली. खोकायला गेलेली पोरे छावणीतल्या म्हशींमध्ये जाऊन बसत, कारण तिथे धूळ असली तरी वारा होता. वर्गात निम्मी पोरे राहिली. त्यामुळे दर विद्यार्थ्यामागे उपलब्ध शुद्ध हवेचे प्रमाण दुप्पट झाले आणि तसा अहवाल वर गेला.

द्रुपदा मात्र बाहेर जात नसे. गणिताचा तास बुडेल म्हणून ती पदराचा बोळा तोंडात धरावा तसा ओढणीचा बोळा तोंडात धरून खोकत बसे. सरांना ते बघवत नसे. ते फळ्याकडे तोंड करून शिकवू लागले.

नवरात्रात तपासणी अधिकारी आले. त्यांच्या जेवणाची सोय गावातल्या खानावळवाल्या छबुबाईंकडे होती आणि तिथून ते समाधानाने आले. टॉर्च लावून त्यांनी जाळी पाहिली.

"वा! अशी पांढरीशुभ्र जाळी मी जिल्ह्यात दुसरी पाहिली नाही," ते म्हणाले. (जिल्ह्यात दुसरी नव्हती.) "आणि हे वरून काय आहे?"

"संरक्षण हाय, सायेब," अर्जुनराव म्हणाले.

साहेबांना हे आवडले. त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या सीटांनाही संरक्षण होते. त्यांनी 'संरक्षक आवरण : आहे' असा जास्तीचा शेरा मारला आणि पेनाला टोपण लावले.

तेवढ्यात द्रुपदा खोकली. बोळा लावायला उशीर झाला. एकदा लागलेली ढास थांबेना. ती बाकावर वाकली, ओठ काळेनिळे झाले, शेजारची पोरगी तिची पाठ चोळू लागली. नातीसाठी ओव्याची पुरचुंडी घेऊन आलेली वच्छलाबाई दाराशीच उभी होती. तिने आत पाऊल टाकले आणि साहेब दिसले म्हणून मागे घेतले.

"ही पोरगी का खोकते?" साहेबांनी विचारले.

खोलीत सगळे सरांकडे बघू लागले. वच्छलाबाईही. हात वर केला असता तर सरांचा हात त्या प्लास्टिकला पुरला असता, ते इतके जवळ उभे होते. सांगायला एक वाक्य लागले असते. ते त्यांच्या ओठांपर्यंत आलेही. मग त्यांनी अर्जुनरावांकडे पाहिले, आणि खोलीत तशीही हवा कमी होती.

"घरचा खोकला आहे, साहेब," सर म्हणाले. "चुलीचा."

"बरोबर," साहेब म्हणाले. "जाळी स्वच्छ म्हणजे हवा स्वच्छ, आणि हवा स्वच्छ म्हणजे खोकला बाहेरचा." इतका सरळ युक्तिवाद त्या खोलीत गणिताच्या तासालाही कधी झाला नव्हता. शेरदऱ्याच्या शाळेचा जिल्ह्यात पहिला नंबर आला.

साहेबांची गाडी हलली तशी वच्छलाबाई आत आली. तिने द्रुपदाचे दप्तर उचलले.

"आजी, अहो, थांबा," सर म्हणाले. "तसं बोलावं लागतं. तुम्ही मनावर घेऊ नका."

"न्हाई, गुर्जी, तुमी शिकलेली मान्सं. घरचा हाय म्हनलात, तर घरचाच असंल. मग घरीच नेते." तिने नातीचा हात धरला. "आन् आमचं घर तर आठ दिसांत फडावर चाललंय. खोकला बी तिकडंच ऱ्हाईल त्यांच्यासंगं. मी एकटी कुठं सांभाळू त्याला?"

द्रुपदाने फळ्यावरचे अर्धे राहिलेले गणित एकदा पाहिले. उत्तर तिला आले होते, पण बोलायला श्वास नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टोळीचे ट्रॅक्टर शाळेवरून गेले. मागच्या ट्रॉलीत गोणपाट, भांडी, चुलीची लोखंडी तिवई आणि सगळ्यांच्या वर द्रुपदा. सर दारात उभे होते. तिने हात केला, सरांनीही केला. उघड्या ट्रॉलीत वारा भरपूर होता आणि ती खोकत नव्हती. सरांना वाईट वाटले. अगदी आतून वाटले, रडू येईल इतके वाटले.

ट्रॅक्टरची धूळ खाली बसल्यावर ते आत गेले, स्टूल ओढले आणि त्यावर चढले. गरम होऊन जाळीच्या प्लास्टिकचा एक कोपरा सुटला होता. नुसते बोट घातले असते तरी सगळे निघून आले असते. सरांनी खिशातून रुमाल काढला, प्लास्टिकवरची धूळ हलक्या हाताने पुसली, आणि तो कोपरा चिकटपट्टीने नीट बसवून टाकला. राज्यस्तरावरचे पथक अजून यायचे होते.

इथवर वाचून काही वाचकांना उत्तरेश्वर सरांचा राग आला असेल. चांगला राग आहे, बारीक विणीचा आहे, एकदम कोरा आहे. तो आहे तसाच जपून ठेवावा. उगाच बाहेर काढून वापरायला जाल तर चार दिवसांत काळा पडेल, आणि मग लोक विचारतील की धूळ येते कुठून.