मेश्राम भाऊ पास झाले

मेश्राम भाऊंनी एक जानेवारीला स्वतःच्याच दारावर सरकारी आदेश चिकटवला. वर तारीख, खाली सही, मध्ये तीन कलमं. एक, वर्षात बारा पुस्तकं वाचणे. दोन, दूध, तूप, अंडी, मटण बंद. जे झाडाला आणि वेलीला लागतं तेवढंच रांधून खाणे. तीन, लखनवी चिकनकारीच्या टाक्यांचा एक कुडता स्वतःच्या हाताने भरणे. शेवटी लिहिलं होतं : प्रत माहितीसाठी, दूधवाला, चौकीदार, आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी (तपासणी अधिकारी).

त्या वहिनी म्हणजे मी. मला कोणी विचारलं नव्हतं.

दूधवाल्याला मराठी वाचता येत नाही. त्याने कागद पाहिला आणि खाली येऊन मला विचारलं, "अम्मा, साहब गुज़र गए क्या?"

"नहीं. दूध छोड़ा है."

"एक ही बात है," म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

भाऊ भंडाऱ्याचे, आम्ही वर्ध्याचे. आमचे हे आणि भाऊ लखनऊत एकाच सरकारी ऑफिसात होते. रिटायर झाल्यावर दोघांनी एकाच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतले. आता आमचे हे नाहीत आणि त्यांची शोभाही नाही. मी मुला-सुनेजवळ असते. भाऊ वर एकटे. चाळीस वर्षं फायली हलवून त्यांच्या तोंडात तीच भाषा बसली आहे. वरण शिजलं की म्हणतात, "वरण निकाली निघालं." भूक लागली की पोटाचं प्रकरण प्रलंबित असतं. शोभा म्हणायची, मी नवरा नाही केला, रबरी शिक्का केला.

आदेशाचं कारण त्यांची मुलगी प्रज्ञा. ती पुण्याला नोकरी करते. आदल्या दिवाळीत ती आली तेव्हा फ्रिजमध्ये चौकातून आणलेले कबाब आणि रबडी, एवढंच निघालं. वर्तमानपत्रांच्या घड्या तीन महिने मोडल्या नव्हत्या. भाऊ सकाळपासून टीव्हीपुढे, आणि टीव्हीचा आवाज बंद. प्रज्ञाचा जन्म इथला. मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदी. तिने माझ्यासमोर सांगितलं, "पप्पा, एक साल देती हूँ. नहीं सुधरे तो फ़्लैट को ताला, और आप मेरे साथ पुणे."

भाऊ म्हणाले, "मी लखनऊ सोडणार नाही."

पुढे वर्षभर हे वाक्य त्यांनी भाजीवाल्याला, न्हाव्याला आणि बँकेतल्या पोरीलाही ऐकवलं. त्यांनी विचारलं नसताना.

मी चौथी शिकले. पण तपासणी करायची म्हणजे करायची. महिनाअखेर ते पुस्तक घेऊन खाली यायचे, मी म्हणायची, "सांगा गोष्ट." पहिल्या पुस्तकात दोन भाऊ होते. मोठ्याचं लग्न झालं, शेवटी तो म्हातारा झाला, संपलं.

"आणि धाकटा?"

"कोण धाकटा?"

"तुम्हीच म्हणाले दोन भाऊ. धाकटा कुठं गेला?"

भाऊंनी सुरुवातीची वीस पानं आणि शेवटची दहा वाचली होती. मी सही केली नाही. फेब्रुवारीत परत आले. धाकटा नदीत बुडाला होता. ते सांगताना भाऊ फायलींची भाषा विसरले. मी सही केली.

स्वयंपाकाचं काय सांगावं. सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून त्यांनी दूध काढलं. त्याचा चहा केला, तो फुटला. त्याच दुधाचं पनीर केलं, ते गायीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. पण माणूस चिकट. एप्रिलात कच्चा फणस आणून त्याचे कबाब केले. मला एक दिला. मी म्हटलं, "भुसा आहे." मे महिन्यात म्हटलं, "बरा भुसा आहे." पावसाळ्यात माझ्या सुनेने चार मागून नेले, तेव्हा भाऊंनी जिन्यातूनच ओरडून सांगितलं, "वहिनी, नोंद घ्या."

कुडत्याची तर वेगळीच तऱ्हा. अमीनाबादेतून मलमल आणली, चौक बाजारातल्या एका गल्लीत जाऊन त्यावर निळ्या रंगात फुलं छापून घेतली. त्या छापावर टाके घालायचे आणि शेवटी कापड धुवायचं. नीळ निघून जाते, टाके राहतात. शिकवायला त्याच गल्लीतली नसरीन बाजी. ती कॉलनीत कपडे द्यायला आली की मला सांगायची, "आपके साहब सुई ऐसे पकड़ते हैं जैसे दस्तख़त कर रहे हों." सप्टेंबरात भाऊंना घाई झाली. छातीवरची फुलं भरली आणि पाठ तशीच ठेवून कुडता धोब्याकडे दिला. परत आला तेव्हा पाठ कोरी. भाऊ मला म्हणाले, "पाठीवरचं काम गहाळ झालं."

"गहाळ नाही झालं. केलंच नव्हतं."

परत चौकात गेले, परत छाप मारून आणला. नोव्हेंबरात पाठ पूर्ण झाली. फुलं वाकडी होती, पण सगळी होती.

डिसेंबरात प्रज्ञा चार दिवसांसाठी आली. फ्रिज उघडून पाहिला. पुस्तकं मोजली, बारा भरली. कबाब खाल्ले. कुडता उजेडाला धरून पाहिला. मी माझ्या सह्या दाखवल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "पप्पा, मान गई. अब मुझे कोई चिंता नहीं. आप यहीं रहिए, आराम से."

त्या संध्याकाळी भाऊ खाली आले. चप्पल न काढता खुर्चीवर बसले.

"पास झालो, वहिनी."

"मग पेढे कुठं आहेत?"

"पेढ्यात दूध असतं."

मला वाटलं जातील. गेले नाहीत. सुनेने दिवा लावला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तरी बसून. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, ती थोडं भांडेल."

वर्षभर सह्या मीच केल्या होत्या.

सकाळी प्रज्ञा बॅग घेऊन उतरत होती. खाली टॅक्सी उभी. मी तिला जिन्यात अडवलं.

"बाई, बापाला एकदा विचार, येता का म्हणून."

"काकू, अब तो वो बिल्कुल ठीक हैं."

"ठीक आहे म्हणूनच विचार. आजारी माणसाला कोणीही उचलून नेतं. धडधाकट माणसाला कोणी ये म्हणत नाही."

ती बॅग माझ्या पायाशी ठेवून वर गेली. दोन मिनिटांत परत आली. रडली नव्हती, चिडली होती.

"कहते हैं, प्रस्ताव लिखित में दो."

मी म्हटलं, "मग दे की लिहून. तुझा बाप आहे, तुला माहीत नाही का?"

तिने पर्समधून पेन काढलं आणि टॅक्सीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. मराठीत लिहिलं. लहान पोरासारखं, एकेक अक्षर जुळवत. मला म्हणाली, "आप दे आइए, मुझसे नहीं होगा," आणि टॅक्सीत जाऊन बसली.

माझे गुडघे दुखतात, तरी मी वर चढले. जिन्यात वाचला कागद. चौथीचं शिक्षण तेवढं पुरतं. लिहिलं होतं, "पप्पा, माझ्या घरी राहायला या. मला एकटं वाटतं."

भाऊंनी चष्मा लावला, उभ्याने वाचला. मग बसून वाचला. एका ओळीच्या कागदाला इतका वेळ मी कोणाला लावताना पाहिलं नाही. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला.

मी म्हटलं, "भाऊ, काय ते सांगा. तिची गाडी सुटेल."

"सुटू द्या," ते म्हणाले आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल ओढलं.