कुंपणातल्या भोकाचा बंदोबस्त

शेळी कण्हेर खात नाही.

मे महिन्यात खामगावात बिनपाण्याची हिरवी राहते ती फक्त गॅरेजवरची जाळी.

सिंधूताईंच्या कढीत गोळे असतात.

माणसाला सर्वांत जास्त धोका शेजाऱ्यापासून असतो.

या चारही गोष्टींचा आमच्या कॉलनीच्या कुंपण समितीशी थेट संबंध आहे. अध्यक्ष चंद्रशेखर (निवृत्त, कशातून, ते विचारायचं नसतं) यांनी सदाहरित झुडपांची ओळख फारच सोपी करून दिली. शेळीने तोंड लावून थुंकलं तर कडू मेंदी. चीक लागून डॉक्टर गाठावा लागला तर कण्हेर. खोकला झाल्यावरच आठवला तर अडुळसा. वैशाखातही चकाकत असेल तर प्लास्टिक.

निगाही सोपी: आळ्यात शेणखत, संध्याकाळी पाणी, पावसाळ्यात छाटणी, आणि भोक पडू न देणं.

सिंधूताई आणि मागच्या घरच्या तानुबाई यांच्यामधल्या कडू मेंदीला नेमकं भोक पडलं होतं. माणूस वाकून जाईल एवढं. समितीने निदान केलं, कीड. निंबोळी अर्क फवारला; भोक कायम. फांद्या ओढून बांधल्या, सकाळी सुटलेल्या. नवी रोपं लावली. ती तुडवली गेली, वर कढीचा डाग.

"काकू, ही कीड आटोक्यात आणावी लागेल," अध्यक्ष म्हणाले.

"हाव ना बाप्पा! एक कीड मी, अन् दुसरी थे तानी. तिचे गुडघे गेले. तिले कढी कशी नेऊ मंग?"

"सडकेनं वळसा घालून जायचं."

"वळशात कढी निवते. काऊन बे चंदू, लहानपणी तूच याच भोकातून येत होता ना कढी प्यायले?"

(अध्यक्षांना हे आठवलं नाही.)

काटेरी तार लागली. एका पावसाळ्यात मेंदी अशी दाटली की समितीने समितीलाच पहिलं बक्षीस दिलं.

पुढे तानुबाई न्हाणीत पडल्या. हाक कुंपणातून आरपार गेली. सिंधूताईंना जाता आलं नाही. सडकेनं वळसा घालून त्या पोचेपर्यंत तानुबाईंची शुद्ध हरपली होती. आता त्या पुण्याला मुलाकडे, खाटेवर असतात. सिंधूताई कढी करतात ती एका वाटीची. कुंपणाची प्रकृती उत्तम आहे.

तुमच्याही कुंपणाला भोक नसेलच. समिती आपलं अभिनंदन करते. पलीकडे कोण राहतं, तेवढं सवडीने कळवावं.

ती मेंदी सिंधूताई आणि तानुबाईंनी मिळून लावली होती. भोकाची जागा आधी सोडली, रोपं नंतर लावली.