अकरा टिळ्यांची पेटी

चन्नाप्पांच्या स्टोअरमध्ये शिरायचे असेल, तर दारातल्या तांब्याच्या पट्टीला आधी हात लावावा लागे. अंगातली स्थिर वीज जमिनीत उतरावी आणि नाजूक सुट्या भागांना तिचा झटका बसू नये, एवढाच त्यामागे हेतू होता. पण राधानगरीजवळच्या त्या दूध डेअरीत हा हेतू चन्नाप्पा सोडून कोणाच्याही गळी उतरलेला नव्हता. स्टोअर झाडणाऱ्या बायडाबाई चपला बाहेर काढत, पट्टीला हात लावत आणि तोच हात कपाळाला लावून आत जात. चन्नाप्पांची त्याला हरकत नव्हती. नियम पाळला जातो आहे ना, मग पाळणाऱ्याच्या मनात देव कोणता आहे, ही चौकशी स्टोअरकीपरच्या कक्षेत येत नव्हती.

चन्नाप्पा मूळचे गडहिंग्लजचे, तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेले. राधानगरीच्या हवेत श्रावणात मिठाच्या बरणीलाही पाझर फुटतो. अशा ठिकाणी त्यांनी यंत्रांची इलेक्ट्रॉनिक कार्डे कोरडी ठणठणीत राखली होती. प्रत्येक कार्ड राखाडी चकचकीत पिशवीत, पिशवीत ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी, भिंतीवर हवेतली ओल मोजणारे घड्याळ आणि त्याची दिवसातून दोनदा नोंद. या सगळ्या संसारातली दोन लाडकी लेकरे म्हणजे दोन ड्राइव्ह. ड्राइव्ह म्हणजे मोटारीचा वेग कमीजास्त करणारी, मिठाईच्या खोक्याएवढी पेटी. अकरा वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी आल्या. कपाटात जागा एकीचीच होती. म्हणून एक नंबर कंपनीच्या सीलसकट कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली चन्नाप्पांच्या करगोट्याला गेली. दोन नंबरचे खोके वाटेतच फाटले होते. तो चिकटपट्टी लावून खालच्या फळीवर राहिला. या दुजाभावाची चन्नाप्पांना अधूनमधून टोचणी लागे.

या सुखी संसाराला जूनमध्ये दृष्ट लागली. नव्या व्यवस्थापक प्रियदर्शनी मॅडम यांना पनीर विभागासाठी एक खोली हवी होती आणि डेअरीतली सर्वांत कोरडी, स्वच्छ आणि त्यांच्या मते सर्वांत निरुपयोगी खोली म्हणजे स्टोअर. हे सामान आजवर किती वेळा उपयोगी पडले, असे त्यांनी विचारले. तशी वेळच आली नाही, असे चन्नाप्पांनी अभिमानाने सांगितले.

"म्हणजे ते चालतं की नाही, हेही आपल्याला माहीत नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. श्रावण संपेपर्यंत खोली रिकामी करायचे ठरले.

श्रावण संपायला आठ दिवस असताना दुधाच्या पंपाचा ड्राइव्ह जळाला. टाकीत आठ हजार लिटर दूध, बाहेर आणखी दोन टँकर उभे, आणि नवी पेटी पुण्याहून यायला तीन दिवस. वायरमन विजयसिंह धापा टाकत स्टोअरच्या दारात आला. बातमी ऐकून चन्नाप्पांना इतका आनंद झाला, की तो लपवण्यासाठी त्यांना दोनदा खोकावे लागले.

त्यांनी करगोट्याची किल्ली काढली, कपाट उघडले आणि एक नंबर, बारशाला बाळ आणावे तसा, दोन्ही हातांवर घेऊन पंपापर्यंत नेला. सील सर्वांना दाखवून मगच फोडले. आत धुळीचा कण नव्हता. मॅडमही क्षणभर कौतुकाने पाहत राहिल्या. विजयसिंहाने तारा जोडल्या, बटण दाबले, आणि फट्दिशी आवाज होऊन पेटीतून धुराची बारीक रेघ निघाली. कुजक्या माशासारखा वास सुटला.

विजयसिंहाने घाईघाईने बटण बंद केले.

"अकरा वर्षं," मॅडम एवढेच म्हणाल्या.

चन्नाप्पांना पनीरचा वास येऊ लागला. जड पावलांनी ते दोन नंबर आणायला परतले. त्यातही फारशी आशा नव्हती. खोके पंपाशी ठेवून त्यांनी चिकटपट्टी सोडवली, झाकण उघडले आणि ते दचकून मागे सरकले. झाकणाच्या आतल्या बाजूला हळदीकुंकवाचे टिळे ओळीने लावलेले होते. पेटीच्या अंगावर झेंडूची वाळलेली पाकळी होती आणि खाली अंथरलेल्या कागदावर चार अक्षता.

"बायडाबाई!"

बायडाबाई पदराला हात पुसत आल्या. खोके उघडे पाहून त्यांना काय झाले ते कळले. मात्र त्या घाबरल्या नाहीत.

"खंडेनवमीला तुमी गावाकडं जाताय, अण्णा. सगळ्या मशिनींची पूजा हुती आन् ह्योच एकटा अंधारात बसतोय. बरं दिसतंय व्हय त्ये? एक नंबरबी घेतला असता, पर त्याची किल्ली तुमच्या कंबरंला."

"अहो, पण कुंकू? इलेक्ट्रॉनिक वस्तूला?"

"पेटीला कुटं लावलंय? झाकणाला लावलंय. वारं जायाच्या भोकात कुकू गेलं तर बिघडंल, एवढं कळतंय की मला. हातबी पट्टीला लावूनच घेते."

चन्नाप्पांनी विजयसिंहाकडे पाहिले. तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता.

"मी निस्ती वायर जोडत हुतो, अण्णा. मावशी म्हणायच्या, दिवा लागल्याबिगर पूजा पावत न्हाय. सकाळी लावायचा आन् निवद दावून जेवणं झाली की काढायचा."

"वीज दिलीत? दर वर्षी?"

"दर वर्षी," बायडाबाई म्हणाल्या. "उपाशी कसा ठेवायचा?"

या कबुलीजबाबावर कोणती शिक्षा करावी, हे नियमावलीत नव्हते. आणि दूध थांबणार नव्हते. मॅडमनी मान हलवली आणि विजयसिंह तारा जोडू लागला. हातांना काहीतरी काम हवे म्हणून चन्नाप्पांनी अक्षता झटकून तो अंथरलेला कागद उचलला. कंपनीचे सूचनापत्रक होते ते. असेच एक पत्रक एक नंबरच्या सीलबंद खोक्यातही अकरा वर्षे सुरक्षित होते, इतके सुरक्षित की कोणी वाचले नव्हते.

ओल टाळावी. बरोबर. स्थिर वीज टाळावी. बरोबर. चौथ्या ओळीवर हळदीचा डाग होता. तो त्यांनी नखाने खरवडला. साठवलेल्या पेटीस वर्षातून एकदा किमान दोन तास वीज द्यावी, अन्यथा आतील कपॅसिटर नासून वापराच्या वेळी फुटतात. चन्नाप्पांना पदविकेचे दुसरे वर्ष आठवले. सहा गुणांना विचारला होता हा प्रश्न. त्यांनी सहाही मिळवले होते.

तेवढ्यात विजयसिंहाने बटण दाबले. हिरवा दिवा लागला, मोटार गुरगुरली आणि पाइपातून दूध सरसरत पुढे निघाले.

चन्नाप्पांनी कागदाची घडी घालून खिशात टाकावी, असे एक मन म्हणत होते. पण आयुष्यभर खोटी नोंद न केलेल्या माणसाला ते जमेना. त्यांनी कागद मॅडमपुढे धरला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवले.

"माझी चूक झाली, मॅडम. पेटी बायडाबाईंनी राखली."

मॅडमनी ओळ वाचली. मग वाकून झाकणावरचे टिळे एकेक करून मोजले. अकरा होते.

"वर्षाला एक. म्हणजे नोंदीही आहेत," त्या म्हणाल्या. "पनीरला दुसरी खोली बघू."

आश्विनात चन्नाप्पा प्रथमच गावी गेले नाहीत. भिंतीवर नवा तक्ता लागला होता: वार्षिक विद्युत तपासणी, आश्विन शुद्ध नवमी, कालावधी किमान दोन तास, जबाबदारी, बायडाबाई. खंडेनवमीच्या सकाळी विजयसिंह तारा सोलून तयार होता आणि फळीवर पुण्याहून आलेल्या दोन नव्या पेट्या शेजारीशेजारी बसल्या होत्या. कपाटाची किल्ली आता दाराजवळच्या खिळ्याला असे. चन्नाप्पा हातात नारळ घेऊन लगबगीने आत शिरू लागले.

"अण्णा," आतून बायडाबाईंचा आवाज आला, "आदी पट्टीला हात लावा."

चन्नाप्पा ओशाळून मागे फिरले. नारळ डाव्या हातात घेऊन त्यांनी उजवा हात तांब्याच्या पट्टीवर टेकवला. स्थिर वीज नियमाप्रमाणे जमिनीत उतरली. मग तो हात खाली यायचा सोडून कपाळाकडे कसा गेला, ते मात्र त्यांना कळले नाही.