आधी काम, मग कसं

धाडकन!

हेमाने कपाटाचं दार आपटलं. समाधान झालं नाही म्हणून पुन्हा उघडलं आणि पुन्हा आपटलं. ओठ पुटपुटले, "आय क्लोज द डोअर लाउडली."

ठाकुर्लीच्या बिट्रिस टीचरच्या इंग्लिश बोलण्याच्या क्लासचा नियमच होता. शब्द पाठ करायचे नाहीत, करून बघायचे. आणि वाक्यात आधी काम, मग वस्तू, शेवटी कसं. उद्या ठाण्यात हॉस्पिटलच्या रिसेप्शनचा इंटरव्ह्यू. मागच्या खेपेला हेमाची तिथे अशी दातखीळ बसली होती की साहेबांनी पाणी मागवलं होतं. म्हणून आज दिवसभर सराव. पण लाजेने, ओठातल्या ओठात. घराला ऐकू येत होतं ते फक्त धाडकन.

अँग्रिली. कांद्याचा भुगा झाला.

सायलेंटली. जेवण वाढलं.

"अगं, झालंय काय?" नवऱ्याने, विनीतने विचारलं. हेमा सायलेंटली वाढत होती. बोलणार कशी?

सासूबाई, शेवंतीबाई, उठल्या आणि त्यांनी सरळ शहाडला फोन लावला. लग्न जमवलं गुणाजीमामांनी, तेव्हा निस्तरायचंही त्यांनीच. घरचा रिवाजच तो.

मामा रिक्षा करून मामींसकट हजर. बैठक बसली.

"पोरी, घाबरू नकोस. काय त्रास आहे?"

"मामा, होमवर्क आहे हो."

"छळाला आता होमवर्क म्हणतात काय?"

"मामा, मी काय केलंय?" विनीत कळवळला.

"तू गप रे! बाईमाणूस उगाच दारं आपटत नाही."

मामांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. हेमाचं डोकंच सटकलं.

"मामा ड्रिंक्स टी नॉइझिली! विनीत वॉचेस मोबाइल सिक्रेटली! आई कॉल्ड यू अननेसेसरिली!"

मामांची बशी हवेतच राहिली.

"शेवटचं मला होतं ना?" शेवंतीबाईंनी विचारलं. "काय म्हणाली रे?"

"मामांना उगाच बोलावलंस म्हणते," विनीत चाचरत म्हणाला.

"उगाच?" शेवंतीबाईंनी पदर खोचला. आता काय होतंय म्हणून मामी सरकून बसल्या. "पण बोलली काय गं फाडफाड! अडखळली का कुठं?" मग हेमाने टीचरचा नियम सगळ्यांना समजावला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात टेबलापलीकडे तिघे साहेब. त्यांत ना मामा, ना मामी, ना सासूबाई. घरच्या बैठकीपुढे हेमाला हे अगदी सोपं वाटलं. धडाधड बोलली. एक तारखेपासून या, म्हणाले.

पेढे घेऊन ती घरात शिरते तोच स्वयंपाकघरातून आवाज.

धाडकन!

"मी काहीच केलं नाही हां," विनीत दारातच कुजबुजला. "आई सकाळपासून असंच करतेय. विचारलं तर तोंडावर बोट! मामांना फोन लावू?"

हेमाने आत डोकावून पाहिलं. शेवंतीबाई कपाटाशी उभ्या होत्या. ओठ हलत होते. मग हळूच वळून त्यांनी विचारलं,

"आधी दार, की आधी धाडकन?"