सुधारणेस वाव

कैरोतल्या अब्बासिया भागात पदपथ व कठडे महामंडळाचे मुख्य कार्यालय आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांचे आरोग्य सुधारायचे, असे मंत्रालयात ठरले. का ठरले, हे कोणी विचारले नाही. मंत्रालयात गोष्टी ठरत असतात, तशी हीही ठरली. हुकमात एवढेच होते की वर्ष संपायच्या आत आरोग्य निदान एक पंचमांशाने सुधारलेले दिसावे. सुधारावे असे म्हटले नव्हते, दिसावे असे म्हटले होते.

या कामावर रिहाम नावाची शिकाऊ मुलगी नेमली गेली. शुब्रा वस्तीतली, आरोग्यशिक्षणाच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला. शिकाऊ म्हणजे पगार नाही, खुर्ची नाही, जबाबदारी मात्र सगळी. 'हिच्या हातून कर्मचाऱ्यांचे आरोग्य सुधारले' असा महामंडळाचा दाखला आणि त्यावर गरुडाचा सरकारी शिक्का मिळाला की पदविका पुरी, आणि इस्माइलियाच्या शाळेतली नोकरी पक्की. नाही मिळाला तर आईने हेरून ठेवलेला मावसभाऊ तयारच होता. त्याचे टायरचे दुकान होते, आणि टायर सोडून जगात बोलण्यासारखे काही आहे याची त्याला कल्पना नव्हती.

पहिल्याच दिवशी सगळे तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणू लागले. त्याला काही अर्थ नसतो. या शहरात चष्मा लावलेल्या माणसाला डॉक्टर म्हणतात आणि चष्मा नसेल तर इंजिनियर.

डॉक्टरीणबाई पाहणीचे कागद घेऊन आस्थापना विभागात गेल्या. तिथे मदाम इनायात बसत. गरुडाचा शिक्का त्यांच्याच ताब्यात असे, त्यामुळे साहेबसुद्धा त्यांच्याशी जपून बोलत. लिफ्ट कित्येक वर्षे बंद. मदाम रोज पहिल्या मजल्यावर एकदा आणि दुसऱ्या मजल्यावर एकदा पायरीवर बसून तिसऱ्या मजल्यावर पोचत.

"मदाम, तब्येत कशी आहे?"

"अल्हम्दुलिल्लाह," म्हणजे देवाची कृपा, असे मदाम धापा टाकत म्हणाल्या आणि चहात साखरेचा आणखी एक चमचा ढवळला.

"पण काल म्हणालात ना, डोळ्यांपुढे अंधारी येते, पायाला मुंग्या येतात, साखर वाढलीय."

"ते तुला म्हणाले गं. सरकारला कशाला सांगू?"

"मग 'उत्तम' लिहू?"

"उत्तम नको लिहूस बाई." मदामनी आवाज खाली आणला. "समोर सुहैर बसलीय. तिची नजर भारी वाईट. आजच्या आज दृष्ट लागायची."

"मग 'वाईट' लिहू?"

"आणि देवाला नावं ठेवू? तू अल्हम्दुलिल्लाह लिही आणि चहा घे. किती वाळलीयस."

रिहाम सगळे मजले फिरली. पाय प्लास्टरमध्ये असलेला पहारेकरी अल्हम्दुलिल्लाह म्हणाला. दोघांनी धरून आणलेले लेखापाल अल्हम्दुलिल्लाह म्हणाले, आणि धरून आणणारे दोघेही तेच म्हणाले. कागदावर या उत्तराला रकाना नव्हता. प्रश्न आरोग्य विभागाचे संचालक सफ्वतसाहेब यांच्याकडे गेला. त्यांनी समिती नेमली, समितीत स्वतःला घेतले आणि निर्णय दिला की देवाच्या कृपेपेक्षा चांगली प्रकृती शासनाच्या ऐकिवात नाही, सबब हे उत्तर 'उत्तम' धरावे.

मग बेरीज झाली आणि साहेबांचा चेहरा पडला.

"रिहाम, अगं हे काय करून ठेवलंस? सगळे निरोगी!"

"निरोगी कुठं साहेब? जिन्यात माणसं आडवी होतात."

"कागदावर?"

"कागदावर निरोगी."

"मग निरोगीच. आता मला सांग, सगळेच उत्तम असतील तर एक पंचमांश सुधारणार कुठून? मंत्रालय मला उभा सोलेल. आणि तुझा दाखला? सुधारलंच नाही, तर 'सुधारले' असं लिहू कसा? खोटं मला जमत नाही."

रिहामच्या डोळ्यांपुढून एक ट्रॅक्टरचा टायर गडगडत गेला.

साहेब मात्र जुने खोड होते. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघाले: 'कर्मचाऱ्यांच्या आरोग्यात सुधारणेस वाव निर्माण करणेबाबत.' सुधारायचे तर आधी थोडे बिघडले पाहिजे. सबब प्रत्येक टेबलावर सकाळ-दुपार बसबूसा ठेवावा, आणि त्या रव्याच्या वडीवर पाक वरून ओतावा, हात आखडता घेऊ नये. कोणालाही चालण्याचा व्यायाम घडू नये म्हणून लिफ्ट त्वरित दुरुस्त करावी. कामाचा ताण यावा म्हणून काम द्यावे.

शेवटच्या कलमाने हाहाकार उडाला. तोवर त्या इमारतीत काम असे कोणी कोणाला दिले नव्हते. लोक फायली उघडून पाहू लागले आणि त्यांच्या छातीत धडधडू लागले. लिफ्टने मात्र साहेबांना दगा दिला. मदाम इनायातना रोज जिन्यात बसावे लागेना, त्यांचे गुडघे सुधारू लागले. साहेबांनी हे कळल्यावर त्यांच्या टेबलावर बसबूशाचे आणखी एक ताट पाठवले. रिहामचे काम नमुना चाखून पाक पुरेसा आहे असे लिहून देण्याचे. आरोग्यशिक्षण हे असे असते, हे तिला पुस्तकात कोणी शिकवले नव्हते.

महिन्याभराने पुन्हा पाहणी झाली. लेखापालांच्या सदऱ्याची गुंडी तुटून समोरच्या भिंतीवर आदळली होती. पहारेकऱ्याचा दुसरा पायही सुजला होता. मदाम दोनदा चक्कर येऊन पडल्या होत्या.

"मदाम, आता तरी?"

"अल्हम्दुलिल्लाह."

रिहाम तिथेच, मदामच्या टेबलाशी बसून रडली. अगदी हमसून. पदविका गेली, इस्माइलिया गेले, आता जन्मभर रबराचा वास. मदामनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नकोस गं पोरी. तुला आजारीच माणसं हवीत ना? मग मला काय विचारतेस? ती सुहैर बघ. अर्धमेली झालीय बिचारी. रक्तदाब, पित्त, कंबर, काय नाही ते विचार."

रिहामचे रडे थांबले. ती उठून सुहैरकडे गेली.

"सुहैरबाई, मदाम इनायात कशा आहेत?"

"इनायात?" सुहैरने हातातली फाईल आनंदाने बाजूला ठेवली. "बस, मी सांगते."

त्या दिवशी कार्यालयात जी माहिती वाहू लागली तिला बांध राहिला नाही. स्वतःचे दुखणे सांगायला जीभ न उचलणारी माणसे शेजाऱ्याच्या दुखण्यावर तासन् तास बोलली. संध्याकाळपर्यंत कागदोपत्री सगळे महामंडळ मरणपंथाला लागले होते. आता सोपे होते. शेजाऱ्याने सांगितले ते 'कार्यक्रमापूर्वी', स्वतः सांगितले ते 'कार्यक्रमानंतर'. अर्धमेल्यापासून अल्हम्दुलिल्लाहपर्यंत, आणि तेही एका शिकाऊ मुलीच्या हातून! साहेबांनी अहवालाचा मुका घेतला.

मंत्रालय इतके खूश झाले की त्याने ताबडतोब पुढचे पाऊल उचलले. ज्या अर्थी सर्व कर्मचारी पूर्ण बरे झाले आहेत, त्या अर्थी कार्यालयातला दवाखाना बंद करण्यात येत आहे. धडधाकट माणसांना लिफ्ट लागत नाही, तीही बंद. मात्र शासन निर्दय नाही. एका जरी कर्मचाऱ्याने 'मी आजारी आहे' असे लेखी दिले, तरी दवाखाना उघडेल.

मदाम इनायातचे इन्सुलिन त्याच दवाखान्यातून येत असे. बाहेर ते मिळायचे नावाला, आणि मिळाले तर त्यांच्या पगाराबाहेर.

रिहाम दाखला टाईप करून मदामकडे आली ती मान खाली घालूनच. साहेबांची सही झाली होती, शिक्का तेवढा राहिला होता. आपण काय करून बसलो हे तिला कळत होते, आणि लाज वाटत होती.

"मदाम, एक ओळ लिहा. 'मी आजारी आहे.' बस. उद्या दवाखाना उघडतो."

"सुहैरसमोर?"

"सुहैरबाईंनाही औषध लागतंच की."

"मला काय धाड भरलीय?" सुहैर तिकडून म्हणाली. "अल्हम्दुलिल्लाह. इनायातला लिहू दे. तीच जास्त आजारी."

मदामनी शिक्का काढला, शाईची गादी काढली, आणि मग कोरा कागद रिहामपुढे सरकवला.

"तू लिही ना. महिनाभर पाक चाखून तुझं पोट बिघडलंय. जेवत नाहीस, झोपत नाहीस, तोंड बघ केवढंसं झालंय. शिकाऊ असलीस तरी हजेरीवर नाव आहे तुझं. तू लिहिलंस तर माझी सुई सुरू होते."

हे अगदी खरे होते. रिहामचे पोट त्या क्षणीही दुखत होते. तिने पेन उचलले. तेवढ्यात सफ्वतसाहेब दारातून डोकावले. "लिही हो, अवश्य लिही," ते मायेने म्हणाले. "फक्त आरोग्यशिक्षिकाच आजारी निघाली, तर माझ्या दाखल्याला काय अर्थ उरला, तेवढं बघ."

रिहामने मदामच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिले. मग दाखल्याकडे पाहिले. पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिले आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग तिने लिहिला, मजल्यामजल्यावर ऐकलेला तो एकच शब्द.

मदामनी तो वाचला. रागावल्या नाहीत. "शहाणी झालीस," एवढेच म्हणाल्या, आणि दाखल्यावर गरुड उमटवला. मग पिशवी उचलून, कठड्याला धरून त्या जिना उतरू लागल्या.

तुम्ही हसताय, हसा. पण आज सकाळी फाटकापाशी शेजाऱ्याने विचारले, "काय, बरं आहे ना?" तेव्हा तुम्ही कमरेवरचा हात पटकन काढून "एकदम मजेत!" म्हणालात. ते 'उत्तम' धरले गेले आहे. तेव्हा तुमच्या कोपऱ्यावरचा सरकारी दवाखाना का बंद झाला, हे आता दुसऱ्या कोणाला विचारत बसू नका.